बिनशिवणीच्या बुटातले टाके

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बू कास्मी (बू म्हणजे आमच्याकडे काकू) हल्ली मला पाहिलं की अर्धी भरलेली बादली तशीच उचलून घरात जातात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण ते सांगायला त्या समोर थांबायला तर हव्यात.

तांगेरांग शहराच्या या भागात बुटांच्या कारखान्यात न गेलेली बाई सापडणं कठीण. बू कास्मी तगालहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथंच, शिलाईच्या मशीनवर. खेळाच्या बुटाचा वरचा भाग म्हणजे तेव्हा कितीतरी तुकड्यांची जोडणी. अंगठ्याजवळचं वळण कापड न ओढता शिवावं ते त्यांनीच. नव्या मुलींना त्याच शिकवायच्या. त्यांचा माल परत आलेला कुणाला आठवत नाही. त्याचा त्यांना तोरा होता आणि तो शोभायचाही.

मग बिनशिवणीचे बूट आले. आता जाळीदार कापडावर पातळ चकचकीत पट्ट्या मांडायच्या. पट्टीखाली गोंदाचा कोरडा पापुद्रा असतो. गरम दाबयंत्राखाली तो वितळून कापडात शिरतो, आणि लगेच थंड यंत्राखाली ठेवलं की तिथंच पक्का बसतो. दोरा नाही, सुई नाही. बूट हलका होतो आणि पायाला शिवण टोचत नाही. बू कास्मींना मशीनवरून उठवून या कामावर बसवलं. शेजारच्या यंत्रावर माझी दियाह. तिचं कंत्राट ईदनंतर संपणार होतं आणि पुढं वाढवायचं की नाही ते त्याच दिवसांत ठरणार होतं. मी कॉलेज शिकले, लेकीला काही शिकवू शकले नाही, म्हणून त्या कंत्राटाची धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त.

"पोरी, हे काय काम झालं?" बू कास्मी तिला म्हणायच्या. "तव्यावर मार्ताबाकची पोळी भाजल्यासारखे बूट भाजतोय आपण."

"मग वरून अंडं फोडू का, बू?"

"फोड. आणि पहिला युसरोनला वाढ!"

युसरोन म्हणजे त्यांचा साहेब. मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते त्याला बू कास्मींनीच शिकवलं होतं.

या कामात थांबणं महत्त्वाचं. शिलाईत हात थांबला की मागची सगळी रांग तुंबते; इथं पट्टी पुरती थंड होईपर्यंत हात मागे ठेवावा लागतो. बू कास्मींना ते जमेना. एका दुपारी अशीच घाईनं काढलेली एक पट्टी कडेला उचकटली. नियम सरळ होता. तुकडा लाल टोपलीत टाकायचा आणि युसरोनला सांगायचं. पण ज्याला आपण दोरा ओवायला शिकवलं त्याला, "माझं काम बिघडलं," हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

डोक्यावरच्या रुमालाच्या घडीत त्यांनी एक सुई दोऱ्यासकट खोचून ठेवलेली असायची. कारखान्यात बाहेरची सुई आणायची सक्त मनाई. मुलींना रुमालाची टाचणीसुद्धा दारात काढून ठेवावी लागते. बू कास्मींनी तीच सुई काढून आतल्या बाजूनं पट्टीची कड टाक्यांत धरली. शेवटचा टाका कडक झालेल्या थरातून नेताना सुईचं टोक मोडलं आणि आतच राहिलं. माल नेणारा सरकता पट्टा पुढं चालला होता. त्यांनी तुकडा त्यावर ठेवून दिला आणि उरलेली सुई संडासात टाकली.

तो तुकडा खालून जाताना धातू शोधणारं यंत्र केकाटलं. रांग बंद झाली, सगळ्यांची झडती झाली. दियाहच्या रुमालाला सकाळी काढायची राहून गेलेली टाचणी निघाली.

"एक आहे म्हणजे दुसरी मोडली असणार," युसरोन म्हणाला. "उद्या ऑफिसात ये. कंत्राटाचंही तिथंच बघू."

बू कास्मी शेजारीच उभ्या होत्या.

संध्याकाळी त्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे घेऊन आमच्या दारात आल्या. "दियाहची आई, पोर जेवली का?"

"पाणीसुद्धा घेतलं नाही. अल्लाची शपथ घेऊन सांगते की दुसरी टाचणी नव्हतीच. बू, तुम्ही युसरोनला शब्द टाका ना. तुमचं ऐकतो तो."

त्यांनी तेंप्याची बशी माझ्या हातात दिली. जाताना एका पायात माझी चप्पल घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दियाहच्या मागोमाग त्या ऑफिसात शिरल्या. "सुई माझी होती. पट्टी उचकटली म्हणून मीच टाके घातले."

युसरोन हसला. "बू, पोरीवर माया आहे, कळतं मला. पण असलं नाटक नको. तपासणीवाल्यांनी तुकडा बघितलाय. त्यात टाका नाही."

"आण इकडे."

त्यांनी तुकडा उलटा केला, खिडकीकडे धरला आणि नखानं एक केसासारखा दोरा वर उचलला. "हा एक. हा त्याच्या पोटात दुसरा. आणि इथं मोडली." पातं घेऊन त्यांनी टाके कापले. कड सुटली. आत सुईचं टोक होतं.

"काय हात आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. दियाह सांगते, तोवर बू कास्मी ताठ उभ्या होत्या; हे ऐकलं आणि त्यांनी रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

"सांगितलं असतं तर फक्त एक तुकडा वाया गेला असता, बू," युसरोन हळूच म्हणाला.

"तुला कसं सांगणार होते रे?"

त्यांना काढलं नाही, खोकी भरायला पाठवलं. पण त्या आठवडाभरात स्वतःच काम सोडून घरी बसल्या. दियाहला टाचणीबद्दल ताकीद मिळाली आणि कंत्राट वाढलं.

काम पक्कं झालं की आमच्या गल्लीत घरोघर पिवळा भात पाठवतात. मी शिजवला खरा, पण बू कास्मींच्या ताटापाशी हात अडला. पाठवावा तर आमचा आनंद त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं, न पाठवावा तर त्यांना वाळीत टाकल्यासारखं. शेवटी दियाहच घेऊन गेली.

"बू, मी रागावलेली नाही," ती दारातूनच म्हणाली.

"तू नसशील गं," आतून आवाज आला. "त्या दिवशी माझ्या शेजारी तुझी झडती घेत होते आणि मी बघत होते. अख्खी रात्र गेली मधे, पोरी. ताट खाली ठेव आणि जा."

आमच्याकडे शेजारचं ताट रिकामं परत करत नाहीत, निदान मिरची तरी ठेवतात. बू कास्मींचं ताट दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीच्या हातून परत आलं. लख्ख घासलेलं. त्यात काही नव्हतं.