खाटेवरून शिकवलेला स्वयंपाक

"आजार पोटात सगळीकडे पसरलाय. आता ऑपरेशनचा उपयोग होणार नाही," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा जिच्याबद्दल हे चाललं होतं ती यशोदाबाई बाहेर बाकावर बसली होती. आत तिचे पती भीमरावजी, मुलगी सविता आणि मी होतो.

मी त्यांच्या नात्यातली नाही. बोरगाव मेघेला राहते. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर थोडं प्रशिक्षण घेतलं आणि पॅलिएटिव्ह केअरच्या पथकात स्वयंसेवक झाले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, झोप, भीती यांवर केलेले उपचार. औषधं देणं माझं काम नाही. मी सोबत बसते, ऐकते. माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच घर.

रिपोर्टवर लिहिलं होतं, 'ओव्हेरियन कार्सिनोमा, मेटास्टॅटिक'. म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, मूळ जागेवरून दुसरीकडे पसरलेला. बाहेर पडताना दाराशीच सविताने माझा हात धरला.

"ताई, मायले सांगू नोका. माय हाय खाईन."

मी मान डोलावली. तिथेच माझं चुकलं.

दर मंगळवारी मी आणि पथकातल्या सिस्टर सेवाग्रामच्या पुढे त्यांच्या गावी जायचो. यशोदाबाईच्या पोटात पाणी साचायचं, त्याला असायटीस म्हणतात. दोनदा दवाखान्यात नेऊन ते सुईने काढलं. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या, पण नशेची सवय लागेल या भीतीने भीमरावजी एक देत, एक चुकवत. यशोदाबाई दात आवळून पडून असायची. आयुष्यभर लग्नाकार्यात पंगतींचा स्वयंपाक केलेली बाई ती, स्वस्थ पडणं तिला माहीतच नव्हतं.

"ताई, मी कधी उठीन?" ती दर वेळी विचारायची.

"उठाल, उठाल," मी म्हणायचे. ती भिंतीकडे तोंड करायची.

मग एका मंगळवारी तिने विचारलंच नाही. सविताने आणलेली पेज परत पाठवली. कोणाशी बोलेना. सिस्टरांनी मॅडमना कळवलं आणि दोन दिवसांनी मॅडम स्वतः आल्या. खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"यशोदाबाई, तुम्हाला काय झालंय असं वाटतं? आणि किती जाणून घ्यायचंय?"

तिने एकेकाकडे पाहिलं. "कॅन्सर आहे ना मले? सारे माह्यापुढं हासून बोलतेत, अन् मोरीत जाऊन रडतेत. मले आयकू येते ना!"

"हो, कॅन्सर आहे," मॅडम म्हणाल्या. "तो बरा होणार नाही. पण दुखणं आपण नक्की कमी करू."

सविता रडायला लागली. यशोदाबाईने तिला जवळ ओढलं. "मराचं भेव नाई मले. भेव याचं आहे की यायले चहाबी करता येत नाई. शिकवाले गेली त म्हणतेत, तू बरी हो, तूच कर."

भीमरावजींचा चेहरा असा झाला की सविता रडता रडता हसली. मग आम्ही सगळेच हसलो.

मॅडमनी भीमरावजींना समजावलं, की दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही. पण गोळी वेळेवरच हवी, आणि पोट साफ राहण्याचं औषध सोबत हवं. आठवडाभरात यशोदाबाई उशीला टेकून बसू लागली. खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली आणि शिकवणी सुरू झाली.

"हळद जळून राह्यली ना जी! गॅस कमी करा!"

भीमरावजींच्या पहिल्या भाकरीचे तव्यावरच तीन तुकडे झाले. तिने त्यातला एक दुधात कुस्करून खाल्ला.

"खोटं बोलले मी तुमच्याशी," मी त्या दिवशी तिला म्हटलं.

"मालूम होतं मले. तुमाले जमत नाई ताई. डोये खाली जातेत तुमचे."

ज्यांच्या घरी असं दुखणं आलंय त्यांना मला एवढंच सांगायचंय. काय सांगायचं हे परस्पर ठरवू नका, आधी आजारी माणसाला विचारा. काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं, त्यांचंही ऐका. पण विचारा.

यशोदाबाई आणखी दोन महिने होती. एका सकाळी सविताचा फोन आला आणि मी ऑटो करून गेले. भीमरावजी तिच्या पायांशी शांत बसले होते.

"दुखलं नाई तिले," ते म्हणाले. "झोपेतच गेली."

सविता मला मागच्या अंगणात घेऊन गेली. "काल मायनं माह्याकडून केस विंचरून घेतले. मंग बाबाले बोलावलं. लय येळ बोललो आमी तिघं. भांडनं काढली, हासलो, रडलो. आता बोलाचं काईच रायलं नाई ताई."

तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. मनात मात्र कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं.