उणे ऐंशीतला माझा कप्पा

आमच्या प्रयोगशाळेत एक मोठा फ्रीझर आहे, उणे ऐंशी अंशांचा. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने कड्या-कोयंडे गंजलेल्या इमारतीत तो सदा घरघरत उभा असतो. बंदराबंदरांतून आणलेल्या माशांचे तुकडे, कल्ले, आतडी असं सगळं त्यात ठेवायचं, पुढे तपासायला. त्याची किल्ली कित्येक वर्षं माझ्या पर्समध्ये होती. कुणाला काही ठेवायचं असलं की माझ्या टेबलाशी यावं लागे.

"ताई, जागा आसा काय?"

मी मान वर न करता म्हणायचे, "बघतंय." मग चहा होईपर्यंत बघायचे नाही. एवढा मान मला घरीही नव्हता.

फ्रीझर मी लावला होता किनाऱ्यासारखा. सगळ्यात वर डावीकडे विजयदुर्ग, मग देवगड, कुणकेश्वर, आचरा, मधल्या कप्प्यात मालवण आणि खाली वेंगुर्ला, शिरोडा. कुणकेश्वरचा बांगडा म्हटलं की हात आपोआप वर जायचा. आणि जिथे किनाऱ्यावर खाडी येते तिथे मी फ्रीझरमध्येही थोडी जागा मोकळी सोडायचे. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. देवगड आणि कुणकेश्वर एकमेकांना चिकटून ठेवायला हातच धजत नसे, एवढंच.

त्यामुळे फ्रीझर सदा भरलेला. आणि तो भरलेला होता म्हणून माझं संशोधन अडलेलं होतं. माझ्या माहेरच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, मला काम करायचं होतं. कुठल्या ऋतूत त्यांचं मांस भरतं, कधी नुसती शिंपी उरते, पाणी गोडं झालं की काय होतं. विषय ठरलेला, विद्यापीठात नाव नोंदवायचं बाकी. आमचे सर शनिवारी फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायचे आणि सोमवारी आले की अधूनमधून विचारायचे, "मॅडम, तिसऱ्यांचं काय झालं?" मी फ्रीझरकडे बोट दाखवायचे. नवा फ्रीझर मागवला आहे, तो आला की लगेच. सर मान डोलवायचे. असं छान चाललं होतं.

मग चतुर्थीची सुट्टी संपली आणि ती आली. दोडामार्गची, माझ्याहून बरीच लहान, आधी गोव्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. रविवारी चर्च, सोमवारी सगळ्यांसाठी घरचा केक. पहिल्याच आठवड्यात सगळे तिच्यावर खूश. मला ती पाहताक्षणी आवडली नाही. कारण शोधायला मला आठवडा लागला, पण सापडलं. ती फार हसायची.

एक दिवस काहीतरी ठेवायला म्हणून ती माझ्यासोबत फ्रीझरशी आली. दार उघडलं, धूर बाहेर आला, आणि ती आत बघतच राहिली. मला वाटलं, आता कौतुक करणार. तिने काचेची एक गोल बरणी उचलली.

"ताई, हेच्यात अर्दी हवा आसा. हवा कित्याक गोठवूची?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. पण वाक्य सरांच्या कानावर गेलं, आणि सरांना ते इतकं आवडलं की ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले. संध्याकाळपर्यंत ठरलं की फ्रीझर पूर्ण रिकामा करून नव्याने लावायचा. सगळा माल तेवढा वेळ ठेवायला कोरडा बर्फ लागणार होता. तोही तिनेच जुन्या ओळखीवर गोव्याहून मागवला. मी या किनाऱ्यावर जन्म काढला, पण एका फोनवर बर्फ आणून देणारं माझं कुणी नव्हतं.

फ्रीझर रिकामा करताना ती मला एकेक गोष्ट विचारून घेत होती. हे ठेवू का, हे दोनदा आहे का, ही चिठ्ठी कुणाची. तेवढ्यात तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं निघालं. चिठ्ठी नाही. तिने अलगद उलगडलं. सुरमईचे चांगले जाड काप, कढीपत्ता लावलेले. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी स्वस्त मिळाली म्हणून मी घेतली होती, घरच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून इथे ठेवली होती आणि साफ विसरले होते. आमच्या भागात श्रावणाआधी मासे कुठेकुठे दडवले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण संशोधनाच्या मालात कढीपत्ता निघाल्याचं पहिल्यांदाच ऐकलं सगळ्यांनी.

"ताई, श्रावण संपान किती दीस झाले!" ती म्हणाली आणि हसली. सगळेच हसले. मीही हसले. रात्री घरी भांडी जरा जोरातच आपटली.

तिने काय केलं ते मला न्यायाने सांगायला हवं, जीभ जड होते तरी. गोल बरण्या गेल्या, चौकोनी खोकी आली. खोकं खोक्याला टेकलं. पिशव्यांतला माल ती आडवा, पातळ पसरवून गोठवायची आणि मग त्या पिशव्या कपाटातल्या साड्यांसारख्या उभ्या लावायची. दोन कप्प्यांमधली उंची वाया जात होती, तिथे बुटकी मांडणी बसवली. विजयदुर्गच्या शेजारी शिरोडा आला, कारण दोघांची खोकी एका मापाची होती. माझ्या सगळ्या खाड्या बुजल्या. आणि फ्रीझरचा मधला अख्खा कप्पा रिकामा झाला. स्वच्छ, पांढरा, तोंड वासून.

आता कुणी माझ्या टेबलाशी येईना. जागा होती, विचारायचं काय? किल्लीही आता दाराशेजारच्या खिळ्यावर लटकू लागली, "सगळ्यांक सोयीचा" म्हणून. मी येता-जाता त्या खिळ्याकडे बघायचे आणि जळायचे. तिच्या नीट कापलेल्या नखांवर जळायचे, तिच्या केकवर जळायचे, सर तिला नुसतं नावाने हाक मारतात आणि मला मॅडम म्हणतात यावरही जळायचे.

एका सोमवारी सर आले ते हसतच. नव्या फ्रीझरची मागणी त्यांनी रद्द करून टाकली होती. गरजच नाही म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "मॅडम, हा मधला कप्पा तुमच्या तिसऱ्यांना. आता अडचण नाही."

इतकी वर्षं मी ज्याच्याकडे बोट दाखवत होते तेच या मुलीने काढून घेतलं होतं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. चाळिशी उलटल्यावर विद्यापीठात जाऊन नापास व्हायची भीती. ती भीती जागा नसण्याच्या मागे बरी लपत होती.

दिवाळी गेली. कप्पा रिकामाच. ती अधूनमधून विचारायची, "ताई, खाडीत कधी जावया?" मी म्हणायचे, घरी पाहुणे आहेत, गुडघा दुखतो, पाणी अजून गढूळ आहे. शेवटी सरांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की शिमग्यापर्यंत कप्पा वापरात आला नाही तर तो तिला द्यावा. तिच्याही डोक्यात एक विषय होता. कालवांचा.

तिला! माझा कप्पा!

पुढल्याच ओहोटीला मी माहेरी गेले, साडी खोचली आणि खाडीत उतरले. संशोधनाच्या ओढीने नाही, हे मी लिहून ठेवते. तिला कप्पा मिळू नये म्हणून उतरले. चिखलात पाय रोवून, कंबर मोडेस्तोवर तिसऱ्या काढल्या. प्रयोगशाळेत आणून फोडल्या, मापं घेतली, मांस पिशवीत भरलं. पहिली पिशवी मी मुद्दाम माझ्या पद्धतीने गोळ्यासारखी बांधून ठेवली. दुसरीला आजूबाजूला कुणी नाही बघून पातळ पसरवली. मग सगळ्याच तशा केल्या. नाइलाज होता, तशा जास्त मावत होत्या.

त्यानंतर प्रत्येक मोठ्या ओहोटीला गेले. मध्ये कधीतरी विद्यापीठात नावही नोंदवून आले. गुडघा खरोखरच दुखायला लागला, पण आता सांगायची सोय नव्हती. शिमग्याच्या आत कप्पा उभ्या पिशव्यांनी गच्च भरला. मी दार उघडून किती वेळ बघत उभी राहिले, शेवटी दार उघडं राहिलं म्हणून फ्रीझरचा गजर वाजायला लागला. "बरां झालां," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. त्या हसण्यात मला कुठेच खोट सापडेना, याचाही राग आला.

मग परवा खाडीवरून परत आले तेव्हा हातात ताज्या मालाची पिशवी होती आणि माझ्या कप्प्यात बोट शिरायला जागा नव्हती. वर बघितलं, खाली बघितलं. कुठे काय सरकवायचं ते तिलाच माहीत. ती तिच्या टेबलाशी मान खाली घालून काहीतरी मोजत होती. मी दोनदा खाकरले. मग जाऊन उभी राहिले.

"जागा आसा काय गो?"

"बघतंय," ती म्हणाली. आणि हातातलं काम तिथेच टाकून उठली, हातमोजे चढवले आणि खरोखरच बघायला लागली.