अर्ध्या तासाचा एक तास

वस्तू दुकानातून आणावी आणि जशी आहे तशी वापरावी, हे आमच्या अकोल्याच्या भाऊजींना उभ्या जन्मात कुणी पटवू शकलेलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेल्या या माणसाला घरातलं प्रत्येक यंत्र अपुरं वाटतं. माझ्या ताईच्या स्टोव्हला त्यांनी दुसऱ्या स्टोव्हची टाकी जोडली. तेव्हापासून ताई अंगणात, हातभर लांब उभी राहून भाकरी उलटते. सायकलचं कॅरिअर त्यांनी एवढं वाढवलं, की त्यावर सरकीचं पोतं ठेवलं की पुढचं चाक हवेत. बोलावं तर उत्तर ठरलेलं, "कंपनीवाल्याईले काय समजते?" मी कपाळाला हात लावतो.

पण सगळ्यात जास्त संतापलो तो बाबांच्या वेळी. बाबांचं स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. भाऊजी लगेच बदली होऊन चाललेल्या एका साहेबांचा जुना टेपरेकॉर्डर घेऊन अमरावतीला, आमच्या राजापेठेतल्या घरी हजर. टेप एकच, अर्ध्या तासाची. दुसरी मुंबईहून यायला आठवडा, आणि ऑपरेशन तर परवावर आलेलं. सकाळी पाहतो तो यंत्र सतरंजीवर उघडं पडलंय आणि भाऊजी मोटारीवरची पितळी पुली कानशीनं घासताहेत.

"भाऊजी, काहून खोललं हे?" मी ओरडलोच.

"पुली बारीक केली का टेप हळू सरकते. अर्ध्या तासाच्या जागी तास मावते. अर्धा तास त मामाजीले पान लावालेच लागते!"

दुपारी यंत्र चाललं खरं. बाबांनी मास्तरकीच्या चार आठवणी सांगितल्या. बाकीचा वेळ मधूनमधून स्क्रू पिळणाऱ्या जावयाला रागावण्यात गेला.

ऑपरेशननंतर बाबा चार वर्षं पाटीवर लिहून बोलले, मग गेले. मी ती टेप मित्राच्या नव्या यंत्रावर लावली, तर बाबा चिमणीसारखे चिवचिवले. डोळ्यांत पाणी आलं आणि भाऊजींचा असा राग आला की सोय नाही. बाबांचा खरा आवाज आता जगात एकाच यंत्रावर निघतो, त्या घासलेल्या पुलीच्या. म्हणून मला अकोल्याला जावं लागतं.

मागच्या रविवारी गेलो होतो. टेप सुरू झाली, आवाज जरा घरघरला. भाऊजींचा हात सवयीनं पेचकसाकडे गेला. तेवढ्यात टेपमधून बाबा कडाडले, "जवाईबापू, हात नका लावू त्याले! चांगलं चालून राह्यलं थे!"

"हो मामाजी," भाऊजी म्हणाले, आणि टेप संपेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.