चहाला खाणं कोण म्हणतं?

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांवर आणि पोरांच्या जुन्या पुस्तकांवर झालं. मराठी मी कसलंही वाचते, इंग्रजी मात्र अजून जमलं नाही. तरी माझी भाची सगळ्यांना सांगते की आत्यानं माझ्यासोबत तीन वर्षं नर्सिंग केलं. ते काही अगदीच खोटं नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची पोरगी, पिशोर गावची. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा भाऊ तिला घेऊन शहरात, गुलमंडीमागच्या माझ्या दोन खोल्यांत आला आणि म्हणाला, "हिथं राहील." मला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

तिचे पेपर इंग्रजीत असायचे. ती प्रश्न मराठी अक्षरांत उतरवून वही माझ्या हातात द्यायची आणि भिंतीला टेकून उत्तरं म्हणायची. आता उत्तर बरोबर का चूक, मला काय कळणार? पण ती कुठं अडखळली ते बरोबर कळायचं.

"परत म्हण."

"आत्या, बरोबर हाय ते."

"बरोबर असंल. पण तुझ्या आवाजात दम नाय. परत म्हण."

इंजेक्शनचा सराव मोसंबीवर चालायचा. पाणी टोचलेल्या मोसंबीचा रस फिका लागतो, हे तुम्हाला कोण सांगणार? मी सांगते, कारण तो वाया कशाला घालवायचा म्हणून मीच प्यायचे. चादरीचे कोपरे घालायचा सराव माझ्या गादीवर. इतके घट्ट कोपरे की पाय आत घालायला मला झगडावं लागायचं. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलहून ती रडत आली. जखमेची पट्टी करण्याआधी हात धुतले होते, पण परीक्षा घेणाऱ्या बाहेरच्या मॅडमला "आता मी हात धुते" असं तोंडानं सांगायचं राहिलं. "धुतलेले हात दिसत नाहीत व्हय त्या बाईला?" मी म्हणलं. दिसले असावेत. पोरगी पहिल्या वर्गात पास झाली.

मग शहरातल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. भावानं फोनवर सांगून टाकलं, "कायम नाय झाली तर परत ये. पिशोरात डॉक्टरला पट्ट्या बांधायला पोरगी पाहिजेच हाय. त्यानं तीन महिने थांबायचं कबूल केलंय." त्यात वाईट काही नव्हतं. पण तीन वर्षं शिकलेलं सगळं पट्टीत गुंडाळून ठेवायचं, हे तिला नको होतं. मलाही नको होतं.

पहिले दोन महिने कसे गेले म्हणाल, तर पायांना सूज घेऊन गेले. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडायची नाही. पेशंट तिचं तोंड बघून म्हणायचे, "बाई, मोठ्या सिस्टरला बोलव." ती बोलवायची. शेजारी उभी राहून बघायची आणि पुढची शीर स्वतः धरायची. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर म्हणजे आवाज न चढवता समोरच्याला पाणी पाणी करणारी बाई. पण तिसऱ्या महिन्यात त्यांनीही हिला टोकणं कमी केलं होतं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात माझ्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं ठरलं. घरची सिस्टर असताना दुसरीकडं कशाला जायचं, म्हणून तिच्याच वॉर्डात ऐटीत भरती झाले.

संध्याकाळी भाचीनं बजावलं, "आत्या, रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही." सकाळी आली तेव्हा चार पेशंटची तयारी तिच्या डोक्यावर होती. घाईत विचारलं, "काही खाल्लं नाहीस ना?"

"नाय," मी म्हणलं, आणि तिनं फाइलवर लिहिलं.

ते खोटं नव्हतं हो. आमच्याकडं भाकरी मोडली तर खाल्लं म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेनं थर्मास आणला होता, "घ्या मावशी, अर्धा कप," म्हणाली. सकाळच्या चहाला कुणी नाही म्हणतं का? ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवायचं, हे वहीतून मीच तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं होतं. पण तो प्रश्न तिच्या पेपरचा होता, माझ्या पोटाचा नव्हता.

थोड्या वेळानं भुलीचे डॉक्टर आले. तरुण, हसरे. "काय आजी, चहाबिहा झाला का?"

"झाला की. साखर जरा लई व्हती."

त्यांचं हसू गेलं. फाइल बघितली. "ही कुणी भरली?"

भाची पुढं आली. मीच घाईनं तोंड घातलं, "अवो डॉक्टर, चहाला खाणं कोण म्हणतं? पोरीची काय बी चूक नाय."

"आजी, भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन छातीत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं," ते शांतपणे म्हणाले. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

इनचार्ज सिस्टर आल्या. "तुमच्या कोण या?"

"आत्या, मॅडम."

"घरच्या म्हणून विचारलं नाही?"

"विचारलं. पण अर्धंच विचारलं. चूक माझी आहे."

"लिहून द्या."

तिनं तिथंच उभ्यानं लिहून दिलं, सही केली. ती एकटी सापडली तशी म्हणलं, "माझ्यावर ढकलायचं की गं! म्हातारी खोटं बोलली म्हणायचं."

"तू खोटं कुठं बोललीस? उद्या दुसरी आजी येईल. ती पण चहा पिऊनच येईल. माझं विचारणंच चुकलं." मग हळूच म्हणाली, "नोकरी बहुतेक गेली, आत्या."

संध्याकाळी चहा आला तर मी नको म्हणलं. कधी नव्हे ते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती वेगळीच. समोरच्या खाटेवर देवगाव रंगारीचे एक आजोबा होते. त्यांचंही ऑपरेशन त्याच दिवशी होतं, शेजारी त्यांची बायको बसलेली.

"आजोबा, चहा झाला का?"

"नाय बाई."

"पाणी? मिश्री? तंबाखूचा बार?"

"कायबी नाय. कालपासून तोंडाला कुलूप हाय."

ती जायला वळली, मग थांबून म्हातारीकडं बघून म्हणाली, "आजी, देवाचं काही दिलं का ह्यांना?"

"दिला की पेढा. पण त्यो परसाद हाय, बाई. परसादाला नाय म्हणू नये."

"प्रसाद गोडच असतो, आजी. पण पोटात पेढाच राहतो," भाची म्हणाली. सगळा वॉर्ड हसला. आजोबा म्हणाले, "हिला सांगत व्हतो, नंतर दे म्हणून!" बायकोनं त्यांना कोपर मारलं, "मागून घेतला, आन् आता मला सांगतोय."

इनचार्ज सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. आत आल्या, आजोबांची फाइल त्या दिवसाच्या ऑपरेशनांतून स्वतः बाजूला काढली आणि भाचीला म्हणाल्या, "हे प्रश्न क्रमानं लिहा. मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रसाद सगळ्यात वर. उद्यापासून सगळ्याजणी असंच विचारतील."

मग भाची माझ्या खाटेशी आली. "आजी, चहा झाला का?"

आत्या नाही म्हणाली, बाकीच्या पेशंटसारखं आजी म्हणाली. मला लई बरं वाटलं. पाणी, मिश्री, प्रसाद, एकेकाला नाय नाय म्हणत गेले. मिश्रीला तिनं तोंड उघडायला लावून बघितलं. बघू दे. मी मिश्री लावतच नाही, पण तिनं बघायलाच पाहिजे होतं.

ऑपरेशन नीट झालं. महिना संपला तेव्हा तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. भावाला फोन मी लावला, असलं काम मी दुसऱ्यावर सोडत नाही.

"पण चूक केली व्हती म्हणं तिनं?" तो म्हणाला.

"केली. सही करून लिहून बी दिली. अशी पोरगी कोण सोडंल?"

तो मग म्हणाला, "मग हितल्या डॉक्टरला सांगतो, दुसरी कुणी बघा."

"सांग," मी म्हणलं. "आजच सांग. माणूस उगीच वाट बघत बसंल."