दिसेल तेवढंच लिहिणाऱ्या निर्मलाताई

डॉ. निर्मलाताई टाकळकर यांची आणि माझी ओळख झाली ती आमच्या घरी, सुतकात. त्याआधी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ महालक्ष्मीच्या देवळात त्या दिसायच्या, पण बोलणं कधी झालं नव्हतं. झाशीत मराठी घरं मोजकी. कुणाकडे मरण झालं की ओळख नसली तरी माणसं भेटायला येतात. तशाच त्या आल्या होत्या.

माझे यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. थंडीच्या दिवसांत जवळच्या बरुआसागरहून स्कूटरने येताना ते रस्त्याकडेला पडलेले सापडले. पाहणारं कुणी नव्हतं. पोलीस ठाण्याचे दारोगाजी म्हणाले, “बहनजी, पीके गिरे होंगे.” यजमानांनी कधी दारूला हात लावला नव्हता, पण हे बायकोने सांगून कोण ऐकतं? दहावा व्हायच्या आत गल्लीत तेच बोललं जाऊ लागलं. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या वर्गातही ते पोचलं. माणूस गेलाच होता, आता त्याचं नावही जाणार होतं.

निर्मलाताई बसल्या आणि त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर गेली. साधा अपघात म्हणून यजमानांचे ते कपडे इस्पितळातून आमच्याच हाती दिले होते.

“हे कपडे कुणी धुतले?” त्यांनी विचारलं.

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “मेलेल्या माणसाचे कपडे तसेच ठेवायचे की काय घरात?”

“तसं नाही, काकू. नुसतं विचारते. सगळेच धुतले?”

“लोकरीला कुठला आलाय विटाळ? स्वेटर आहे खुंटीवर, तसाच. तेवढं कळतं मला.”

निर्मलाताई उठून खुंटीपाशी गेल्या, पण त्यांनी स्वेटरला बोटही लावलं नाही. म्हणाल्या, “वहिनी, मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते. ह्याला आता कुणी हात लावू नका. पोलिसांना बोलवा, पंचनामा करून घ्या आणि कागदी पिशवीतच द्या. प्लॅस्टिक नको, ओल धरते.” शवविच्छेदनात यजमानांचं रक्त राखून ठेवलेलं असेल, ते तपासणीला जावं म्हणून अर्ज करा, हेही त्यांनीच सुचवलं.

मला वाटलं, आता त्याच सगळं बघतील. पण त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी भेटायला येऊन बसलेय मी. हे काम आता मी करायचं नाही. आमचे दुसरे लोक करतील.” तेव्हा मला ते कोरडं वाटलं. पुढे कळलं, त्यांनी स्वतः तपासलं असतं तर उद्या कुणीही म्हणालं असतं, मराठीने मराठीची बाजू घेतली.

अहवाल आला. रक्तात दारू नव्हती. स्वेटरच्या विणीत निळ्या रंगाचा बारीकसा पापुद्रा अडकलेला सापडला होता. तो गाडीचाच रंग होता आणि आमची स्कूटर करडी. म्हणजे दुसऱ्या गाडीने धडक दिली असावी. माझे धाकटे दीर तो कागद घेऊन निर्मलाताईंकडे गेले. मीही सोबत होते.

“जिज्जी,” इकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं दीर म्हणाले, “त्या रस्त्याने ज्याचा माल जातो त्या ठेकेदाराचा ट्रक निळाच आहे. त्याचं नाव घालायला सांगा ना!”

“भैया, झाशीत निळ्या गाड्या किती आहेत, बाहेर उभे राहून बघा. दिसलं तेवढं लिहिलंय. न दिसलेलं लिहायला लागलो तर उद्या हा दिसलेला रंगही कुणी खरा मानणार नाही.”

दीर चिडून निघून गेले. मी मात्र थांबले आणि विचारलं, “मग आमच्या हाती काय आलं?”

“तुमचे यजमान प्यायलेले नव्हते आणि गाडी नीट चालवत होते, एवढं तरी आता कुणाला खोटं म्हणता येणार नाही.”

खरं म्हणजे ‘नीट चालवत होते’ हे त्यांना कुठे दिसलं होतं? त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. लगेच म्हणाल्या, “नीट चालवत होते हे मी म्हणतेय, अहवाल नाही.” त्यांना हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

सासूबाईंनी तो कागद शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवला. बऱ्याच दिवसांनी त्या देवीला गेल्या. ती निळी गाडी आजही सापडलेली नाही. ते दुःख आहे, ते आता माझ्यासोबतच असतं. पण मुलगी मान वर करून शाळेत जायला लागली.

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. निर्मलाताईंनी मला त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचायला दिली. अडलं की मी फोन करायचे. “अहो, हे तुम्ही परवाही विचारलंत!” असं रागावून त्या पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायच्या. त्यातूनच कळलं की ह्या एका शास्त्राच्या पोटात केवढी माणसं वेगवेगळं काम करतात. विष शोधणारे वेगळे, बंदुकीच्या गोळीवरचे ओरखडे बघणारे वेगळे. कुणी सही खरी की खोटी ते सांगतं, कुणी दातांवरून माणूस ओळखतं, कुणी मोबाइलमधलं पुसलेलं परत काढतं.

गणेशोत्सवात त्या मुलांना हे सांगतात. मुलांना मराठी समजतं पण बोलायला जड जातं, म्हणून निम्मं हिंदीत. एकाने विचारलं, “आंटी, आपने कितने खूनी पकड़े?” त्या म्हणाल्या, “एकही नाही, बेटा. माझ्याच्याने घरातला उंदीर पकडवत नाही.” झाशीजवळच्या टहरौली गावच्या एका मुलीला किड्यांचं वेड होतं, घरचे वैतागले होते. मृतदेहावरच्या किड्यांवरून मृत्यूची वेळ काढतात, हे निर्मलाताईंनी तिच्या वडिलांना समजावलं. ते ऐकून वडील जेवत्या ताटावरून उठले, पण मुलीला त्यांनी शिकायला पाठवलं. माझी मुलगी हस्ताक्षरांच्या तपासणीकडे वळली. कोर्टात तिची पहिली साक्ष होती तेव्हा निर्मलाताईंनी तिला एवढंच सांगितलं, “वकील ओरडला तर ओरडू दे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.” ती तसं म्हणाली आणि घरी येऊन रडली. मग निर्मलाताई तिच्यासाठी पेढे घेऊन आल्या.

आज त्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागतंय. गुडघे कुरकुरतात, पण पोलिसांच्या प्रशिक्षणाला त्या अजून जातात. निर्मलाताई, देवीने तुम्हाला उदंड आयुष्य आणि चालते पाय द्यावेत. आपलं माणूस कसं गेलं एवढंच विचारत बसलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांना खरं सांगणारी माणसं तुमच्या हातून अजून खूप तयार व्हायची आहेत.