इंजिनवर पाणी मारायचं नाही

माझ्या गाडीला टर्बो आहे म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग गाडीकडे, आणि मग विचारतात, "मिस्टरांची का?" मिस्टर नाहीत. कधी नव्हतेच. गाडी माझी, हौसही माझी, आणि ज्याला ती बघवत नाही त्याने दुसरीकडे बघावं. पुण्यात बघायला पुष्कळ आहे.

धायरीला आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. बाबा हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, निवृत्त होईपर्यंत तिथेच. मशीन नुसतं ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. गाड्यांचं वेड मला त्यांच्याकडूनच आलं, तेव्हा तक्रार करायची सोय त्यांनाही नव्हती.

गेली काही वर्षं ते विसरायला लागलेत. आधी गिझर चालू राहायचा. मग एकदा मंडईतून येताना भाजीची पिशवी घेऊन भलत्याच सोसायटीच्या जिन्यात बसून राहिले, आणि तिथल्या वॉचमनने मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढणार, पण त्यांना कामात ठेवा आणि लिहायला सांगा. मी एक जाड वही आणून दिली. बाबांनी ती कारखान्यातल्या लॉगबुकासारखी चालवायला घेतली. वेळ, काय झालं, काय केलं आणि खाली सही. खाडाखोड नाही. लॉगमध्ये मागाहून काही बदलायचं नसतं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम.

दुसरा नियम मी घातला. शेजारच्या काकूंनी एकदा "अहो, घेतलीत की गोळी सकाळी!" असं छातीठोक सांगितलं आणि ह्यांनी त्या दिवशीची गोळी बुडवली. तेव्हा मी चिडून म्हटलं, "बाबा, कुणी काही सांगो, अगदी मी सांगितलं तरी. वहीत तुमच्या अक्षरात आहे ते खरं." त्यांनी ते पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

ह्या वहीच्या जोरावर त्यांचं बरं चाललं होतं. गोळ्या स्वतः घ्यायचे, दूध आणायचे, घराची एक किल्ली त्यांच्या खिशात असायची. कधीतरी चहा घेताना मध्येच विचारायचे, "अजून माझ्या भरवशावर काही ठेवता येतं ना गं?" मी म्हणायचे, "अख्खं घर ठेवलंय, अजून काय हवं?" हे वाक्य ऐकायलाच ते विचारायचे, मला माहीत होतं.

तर गाडी. मागच्या वर्षी मी ती ट्यून करून घेतली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून टर्बोचा जोर वाढवून घेतला. मजा आली, पण महिन्याभरात तिसऱ्या गियरमध्ये जोरात पाय दिला की गाडी गचके खायला लागली. वारजेला माझा एक ठरलेला मेकॅनिक आहे. कमी बोलतो, बोलतो ते मोजकं. तो म्हणाला, "मॅडम, हवा वाढवली, ठिणगी तेवढीच राहिली. वाऱ्यात काडी पेटवल्यासारखं होतंय." प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसलेली असते. तिच्यातून प्लगला ठिणगीपुरती वीज मिळते. कंपनीच्या कॉइल वाढलेल्या हवेपुढे कमी पडत होत्या. मी जास्त ताकदीच्या चार कॉइल मागवल्या, लालभडक. त्याने त्या तासाभरात बसवल्या.

बॉनेट लावताना तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा. ह्यांचा वरचा रबर कंपनीच्या कॉइलसारखा गच्च बसत नाही. पाऊसबिऊस ठीक आहे, पण इंजिनवर पाइपने पाणी मारायचं नाही. प्लगच्या खड्ड्यात उतरलं की संपलं."

"कोण मारतंय पाणी," मी म्हटलं. मग आठवलं. बाबा! खंडेनवमी तीन आठवड्यांवर आली होती.

खंडेनवमीला बाबा गाडी धुणार म्हणजे धुणारच. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद ठेवून, पुसून, हार घालून पूजा करायचे. आमच्याकडे आधी स्कूटर होती, तिचंही इंजिन ते रॉकेलने घासून वर पाणी मारायचे. माझ्या गाडीचं तेच चालू होतं आणि आजवर तिला काही झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बॉनेट उघडून त्यांना नव्या कॉइल दाखवल्या. खूश झाले. कंपनीच्या कुठे आहेत, किती व्होल्ट देतात, लालच का, सगळं विचारून झालं. मग खडकवासल्याकडे एक फेरी मारली. गचका नाही की काही नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "आता नीट खेचतेय," ते म्हणाले, आणि घरी येऊन वहीत लिहीत बसले.

खंडेनवमीला मी ऑफिसातून आले तर गाडी पार्किंगमध्ये लखलखत होती. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, बाबांचे जुने पाने एका पाटावर मांडलेले, त्यांनाही फुलं. "वा, काय चकाचक!" मी म्हटलं आणि वर निघून गेले. बॉनेटखाली काय केलंत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाबांच्या कारखान्यातले सात जुने सोबती हडपसरला एकाच्या घरी जमणार होते. आठवडाभर बाबा वहीत त्या सातजणांची नावं लिहून पाठ करत होते. कोण कारखान्यातल्या कुठल्या विभागात, कुणाचा मुलगा कुठे, कुणाची बायको गेली, म्हणजे तिच्याबद्दल विचारून फजिती व्हायला नको. इस्त्रीचा शर्ट, खिशात आपट्याची पानं. "बघ, एकाचंही नाव चुकणार नाही," गाडीत बसताना म्हणाले.

सिंहगड रोडला लागलो आणि इंजिन थरथरायला लागलं. समोरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. फ्लायओव्हरच्या खाली गाडीने एक मोठा आचका दिला आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू. एका स्कूटरवाल्याने जाता जाता "नुसता हार घालून गाडी चालत नाही, पेट्रोलही घालावं लागतं" एवढं ऐकवलं. त्याला काय बोलणार, दसरा होता.

मी गाडी कडेला ढकलून बॉनेट उघडलं. डिकीतला पाना काढून पहिली कॉइल उपसली. तिच्या टोकावरून पाणी टपकलं.

"बाबा, इंजिन धुतलंत?"

"हो मग! खंडेनवमीला काय वरवर पुसायची? पाइप लावून स्वच्छ..."

माझं डोकंच फिरलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला! पाणी मारायचं नाही म्हणून! एवढी एक गोष्ट लक्षात राहत नाही?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग घाईघाईने वही काढली. पानं मागे मागे उलटत गेले, बोट ओळींवरून फिरवत. मी हातात ओली कॉइल घेऊन उभी.

"ह्यात नाहीये गं," ते म्हणाले.

"मग लिहायला पण विसरलात!"

हे मी बोलले. भर रस्त्यात, सणाच्या दिवशी, माझ्या बापाला. कुणीतरी जीभ धरायला हवी होती माझी. वही गाडीच्या कडेवर टेकवून बाबांनी पेन काढलं आणि काहीतरी लिहिलं. खाली सही केली. मग खिशातून फोन काढून हडपसरला लावला. "नाही जमत यायला. गाडी बंद पडली. माझ्याच चुकीने." आपट्याची पानं खिशातच राहिली.

मेकॅनिकने चारही खड्डे हवेने साफ करून सुकवले. एक कॉइल गेलीच होती, ती बदलून आली. चार दिवसांनी मी वारजेला गाडी आणायला गेले. पुढच्या सर्व्हिसची आठवण लावून ठेवावी म्हणून फोनमधली यादी उघडली. सगळ्यात वर, लाल अक्षरात, एक काम पडून होतं. "बाबांना सांगणे: इंजिनवर पाणी नको." पुढचा चौकोन रिकामा. मी तारीख बघितली. कॉइल बसवल्या त्या दिवशी, ह्याच गॅरेजमध्ये, ह्याच खुर्चीवर बसून लिहिलं होतं.

मग त्या संध्याकाळचं एकेक आठवून बघितलं. बॉनेट उघडलं, कॉइल दाखवल्या, लाल का हे विचारलं, फेरी मारली, जेवलो. पाण्याचं कुठेच नव्हतं. फोनमध्ये लिहिलं, तेवढ्यानेच मला सांगून झाल्यासारखं वाटलं होतं. विसरले होते मी. आणि ते वहीत सापडत नव्हतं, कारण बाबांची वही बरोबर होती.

घरी येऊन बूटही न काढता मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे. मी उगाच ओरडले."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे गं. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस, कळतं मला."

"अहो नाही! हे बघा, फोन बघा."

चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. "बाबांना सांगणे. मग सांगितलं असशील की. तू काही विसरणारी नाहीस."

मी वही मागितली. दसऱ्याच्या पानावर त्यांचं ते टपोरं, सरळ अक्षर होतं. "इंजिनवर पाणी मारायचे नाही, असे सांगितले होते. विसरलो. लिहायलाही विसरलो." खाली सही. मी पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, "सांगितले नव्हते. चूक माझी." माझीही सही ठोकली.

बाबांनी वही जवळ घेतली. "हे तुझं अक्षर आहे," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या अक्षरात आहे ते खरं. तूच सांगितलंस ना?"

"मग तुम्ही लिहा. मी सांगते तसं लिहा. प्लीज."

"लॉगमध्ये मागाहून बदल करत नाहीत, बाळा."

मी रडले. त्यांना वाटलं गाडीसाठी रडतेय, आणि तेच माझी समजूत घालत बसले.

त्यानंतर त्यांनी एकेक गोष्ट परत केली. आधी गोळ्यांचा डबा माझ्याकडे दिला, "तूच देत जा." मग दूध. दिवाळीनंतर एके सकाळी किल्ली माझ्या पर्सशेजारी ठेवलेली दिसली. चहा घेताना ते भरवशाचं विचारायचे, तेही बंद झालं. मी आपण होऊन म्हणून बघायचे, "अख्खं घर तुमच्या भरवशावर आहे, बाबा." ते हसायचे, पाहुण्याच्या बोलण्याला हसावं तसं.

ह्या वर्षी खंडेनवमीच्या आधी मी वारजेला जाऊन लाल कॉइल काढून टाकल्या आणि कंपनीच्या जुन्या परत बसवल्या. मेकॅनिक म्हणाला, "गचके परत येतील." मी म्हटलं, येऊ देत. "आता पाणी मारलं तर चालेल ना?" त्याला काही कळलं नाही, पण हो म्हणाला.

रजा काढली. पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, पाट मांडला, त्यावर बाबांचे पाने ठेवले. बाबांना हाताला धरून खाली आणलं. हडपसर, दसरा, फ्लायओव्हर, ह्यातलं आता त्यांना काही आठवत नाही. मी नळ सोडला आणि पाइप त्यांच्या हातात दिला.

"मारा, बाबा. बिनधास्त मारा."

पाइपमधून पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. त्यांनी इंजिनकडे बघितलं. मग पाइप खाली ठेवला, हात शर्टाला पुसले आणि खिशातून वही काढली. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. कधी दुमडला, मला माहीत नाही. बोट ठेवून त्यांनी ओळ वाचली आणि मान हलवली.

"नाही गं," बाबा म्हणाले. "तू मला सांगितलं होतंस."