डावीकडची पोरं

कांदिवलीतल्या आमच्या बागेत एक म्हातारे फौजी रोज पहाटे धुकट उजेडात फेऱ्या मारायचे. माझ्या पोटाचा घेर पाहून बायकोने मलाही तिथेच पिटाळलं होतं. एकदा धापा टाकत मी त्यांच्या डाव्या हाताला चालू लागलो, तर ते हळूच म्हणाले, "भाऊ, जरा या बाजूने या ना. तिकडे आमच्या पलटणीतली पोरं आहेत."

मी पाहिलं. तिकडे कुणीच नव्हतं.

"लढाईत गेली," ते म्हणाले. "अजून विशीतच आहेत. माझे गुडघे गेले ना, म्हणून हल्ली माझ्यासाठी हळू चालतात. मी घरी बसलो, तर ती कुणाबरोबर चालणार?"

मी उजवीकडे गेलो. पुढे वळणावर वाट अरुंद झाली, तेव्हा मी गवतात उतरलो आणि आधी त्या सगळ्यांना जाऊ दिलं.